मेंदूची उत्क्रांती आणि जनरेटिव्ह एआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मेंदू कसा घडला आणि मजकूर, चित्रं तयार करणारं जनरेटिव्ह एआय त्याच्याशी कितपत जुळतं, या विषयावर गेली दोन-अडीच वर्षं वाचनालयांत, तालमीच्या हॉलमध्ये, कागल-पन्हाळ्याकडच्या शाळांत बोलायला जाते. श्रोते बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

एआय म्हणजे माणसाच्या मेंदूची नक्कल का?

नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, एखाद्या परदेशी मशीनचा तुटलेला पार्ट घेऊन गेलात, तर कारागीर तो मोजतो, पॅटर्न करतो, ओततो, लेथवर चढवतो आणि तस्साच पार्ट तुमच्या हातात देतो. नक्कल म्हणायची तर ती. मेंदू असा मोजून-मापून कुणी पुन्हा घडवलेला नाही.

मेंदूकडून कल्पना मात्र उसन्या घेतल्या गेल्या. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं, म्हणजे मेंदूतल्या न्यूरॉनचं, एक अगदी साधं गणिती रूप मांडलं : येणारे संकेत बेरजेला घ्यायचे, बेरीज ठरावीक पातळीच्या वर गेली तर पुढे संकेत द्यायचा. १९५८ मध्ये रोझेनब्लॅटने त्यावरून शिकू शकणारा ‘पर्सेप्ट्रॉन’ मांडला. हुबेल आणि वीझल यांनी मांजराच्या मेंदूत पाहिलं, की काही पेशी विशिष्ट कोनातली रेघ दिसली तरच जाग्या होतात. त्या कामावरून १९८० मध्ये जपानच्या फुकुशिमांनी चित्रं ओळखणाऱ्या जाळ्याची रचना केली. १९८६ मध्ये ‘बॅकप्रोपगेशन’ म्हणजे चूक मागे-मागे पोचवत प्रत्येक जोडणी थोडी दुरुस्त करण्याची पद्धत गाजली. मेंदू अगदी अशाच पद्धतीने शिकतो, असा पुरावा नाही. आणि आजचे चॅटबॉट ज्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर उभे आहेत, ती २०१७ सालची रचना भाषांतर चांगलं व्हावं म्हणून इंजिनिअरांनी काढली. मेंदूचा नकाशा समोर ठेवून नव्हे.

मग दोघांत सारखं काय आहे?

एक गोष्ट खरोखर खोलवर सारखी आहे. दोन्हीकडे ज्ञान कुठल्या कप्प्यात लिहून ठेवलेलं नसतं. ते असंख्य जोडण्यांच्या कमी-जास्त जोरात पसरलेलं असतं. ‘कोल्हापूर’ हा शब्द तुमच्या डोक्यात कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि एआयच्या मॉडेलमध्ये, म्हणजे शिकवून तयार केलेल्या जाळ्यातही येत नाही.

दुसरं साम्य अंदाजाचं. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं आणि शिकताना चुकलं की जोडण्या हलवतं. मेंदूही सतत अंदाज बांधत असतो. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. माकडाला फळाचा रस मिळतो तेव्हा डोपामिन हे संकेत पोचवणारं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी नुसत्या रसाला दाद देत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं, याला देतात. नेहमीच्या ठिकाणची मिसळ नेहमीसारखी लागली तर त्या शांत राहतात. नव्या ठिकाणी अचानक झक्कास लागली तर त्या उसळतात. आणि कट पाणचट निघाला तर गप्प होतात. या चुकीच्या मापासारखंच गणित यंत्रांना बक्षीस देऊन शिकवताना वापरतात, आणि ते गणित या निष्कर्षाच्या आधीच संगणकवाल्यांनी वेगळ्या वाटेने काढलेलं होतं. दोन वाटा एका ठिकाणी येऊन मिळाल्या. मला हा प्रसंग या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो.

माणसाचा मेंदू एवढा मोठा झाला कसा?

आधी वेळेचा अंदाज घेऊ. समजा, पुण्याहून कोल्हापूरला निघालात, अंतर साधारण २३० किलोमीटर. पुण्यात पहिली चेतापेशी तयार झाली, म्हणजे ढोबळमानाने ६० कोटी वर्षांपूर्वी, आणि कोल्हापूरचं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे आज. पुणं सोडून चाळीसेक किलोमीटर आलात की पाठीचा कणा असलेले पहिले प्राणी. कराडच्या आसपास छोटे सस्तन प्राणी. किणी टोलनाक्याच्या सुमाराला माकडांचे पूर्वज. चिंपांझीची आणि आपली वाट वेगळी झाली तेव्हा तुम्ही कोल्हापुरात शिरलेला आहात, सीबीएस अडीच किलोमीटरवर आहे. आपली जात, होमो सेपियन्स, शेवटच्या सव्वाशे मीटरांत. लेखनकला शेवटच्या दोन मीटरांत, म्हणजे गाडीतून उतरून टाकलेल्या दोन-तीन पावलांत. २०१७ पासूनचा ट्रान्सफॉर्मरचा काळ? तीनेक मिलिमीटर.

हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आकाराचं. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ‘लूसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या जातीचा मेंदू साडेचारशे घनसेंटिमीटरच्या आसपास, जवळपास चिंपांझीएवढाच. पण ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे आधी पाय मोकळे झाले, मेंदू नंतर वाढला. नंतरच्या होमो इरेक्टस या मानवजातीचा मेंदू तिच्या दुपटीच्या घरात, आजच्या माणसाचा सरासरी १,३५० च्या आसपास. आपल्या देशातला दुवाही सांगते : मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. वर्गात मी त्याचं चित्र दाखवते तेव्हा पोरं एकदम गप्प होतात. हे सगळं आफ्रिकेतच घडलं, अशी त्यांची समजूत असते.

का वाढला, यावर एकमत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोनच टक्के असतो आणि ऊर्जा मात्र वीस टक्के खातो. एवढा खादाड अवयव परवडायचा तर कुठेतरी काटकसर हवी. १९९५ मध्ये आयलो आणि व्हीलर यांनी सुचवलं की ती काटकसर आतड्यात झाली : अन्न कसदार झालं, आतडं आखूड झालं, वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली. रिचर्ड रँगम यांचा भर चुलीवर आहे, शिजवलेलं अन्न कमी कष्टात जास्त ताकद देतं. आणखी काहींच्या मते मोठ्या टोळीत नाती सांभाळणं, कोण आपला नि कोण दगाबाज हे ओळखणं, याचा रेटा होता. मला ही कारणं एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. चुलीभोवती माणसं बसतात, आणि बसली की बोलतात.

नुसत्या आकाराने मात्र काही ठरत नाही. हत्तीच्या मेंदूत आपल्या तिप्पट, म्हणजे सुमारे २५,७०० कोटी चेतापेशी आहेत, पण त्यातल्या बहुसंख्य अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचा मेंदू आपल्याएवढाच, किंबहुना काकणभर मोठा होता.

एआय कविता करतं, मग त्याला भाकरी थापता का येत नाही?

कारण दोघांचा प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मगाचा पुणे-कोल्हापूर रस्ता आठवा. त्यातला जवळजवळ सगळा रस्ता मेंदूने पाहणं, ऐकणं, तोल सांभाळणं, पकडणं, पळणं, भ्यायचं कशाला आणि खायचं काय, हे शिकण्यात घालवला. बोलणं अगदी शेवटी आलं. लिहिणं तर गाडीतून उतरल्यावर. भाषेच्या मॉडेलने सुरुवातच त्या शेवटच्या दोन मीटरांतून केली. त्याच्या हाती प्रथम आलं ते माणसांनी लिहून ठेवलेलं. मागचा २३० किलोमीटर रस्ता त्याने चाललेलाच नाही.

गंगावेशीच्या तालमीत पहाटे जाऊन बघा. दोन पैलवान खडाखडी करतात तेव्हा समोरच्याचा तोल किती इंच पुढे आला, पकड कुठे सैल पडली, हे पैलवानाच्या डोक्यात शब्दांत येतच नाही. शब्दांत येईपर्यंत पाठ मातीला लागलेली असते. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यातल्या ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात, जे प्रामुख्याने हालचालींचा मेळ घालतं. ज्याला आपण ‘डोकं चालवणं’ म्हणतो, त्या बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, वाट्याला १,६०० कोटी.

हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत किंवा पटावरच्या खेळात यंत्राला मोठ्या माणसाइतकं तरबेज करणं तुलनेने सोपं, पण पाहण्या-हालचाल करण्यात वर्षाच्या बाळाची बरोबरी करणं फार अवघड. जे आपल्याला सोपं वाटतं, ते सोपं नसतं. कोट्यवधी वर्षं घोटून पक्कं झालेलं असतं, म्हणून कष्ट जाणवत नाहीत. यंत्रमानवांच्या हातांवर आता खूप काम चाललं आहे आणि ते पुढेही जाईल. तरी माझ्या सासूबाई परातीत पीठ मळताना पाणी किती हवं हे तळहाताने ओळखतात, तेव्हा मला कवितेपेक्षा तेच जास्त बुद्धीचं काम वाटतं.

मॅडम, ह्ये यंत्र खरंच इचार करालंय का? त्याला समजतंय का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका गुऱ्हाळावर विचारला गेला, आणि त्याचं उत्तर माझ्यासाठी घरातलं आहे.

माझे वडील, आबा, गुळव्या होते. काहिलीतला रस उकळत असताना भेंडीचं पाणी टाकायचं, मळी काढायची, आणि मग पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगायचं, हे गुळव्याचं काम. थर्मामीटर लावला तर तो ११८ अंशांच्या आसपास दाखवतो, पण ऊस कुठला, लागण की खोडवा, पाऊस किती झाला होता, यावर तो क्षण मागे-पुढे होतो. आबा बुडबुड्यांचा आकार बघायचे, वास घ्यायचे, थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी करायचे. लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर रंग जातो.

पुढे आबांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ‘हां’ आणि ‘न्हाई’ एवढेच शब्द उरले, तेही कधी उलटसुलट. वैद्यकात याला ‘अफेझिया’ म्हणतात. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं होतं, ज्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, आणि त्यावरूनच बोलण्याची मेंदूतली जागा कळली.

त्या हंगामात आबांना खुर्चीवर बसवून गुऱ्हाळावर नेलं, जरा बरं वाटावं म्हणून. चुलतभाऊ काहिलीजवळ होता. आबा एकटक बघत होते. भावाला वाटत होतं अजून वेळ आहे. आणि आबांनी डावा हात वर केला. नेहमीसारखा, पंजा उघडून. भावाने पाक उतरवायला लावला. त्या आधणाचा गूळ पिवळाधमक निघाला.

शब्द सगळे गेले होते आणि समज शाबूत होती. ही माझ्या घरापुरती गोष्ट नाही. भाषा जवळजवळ पूर्ण गेलेले रुग्ण गणितं सोडवताना, बुद्धिबळ खेळताना संशोधकांनी नोंदले आहेत. मेंदूत भाषेचं जाळं आणि तर्काचं, अनुभवाचं जाळं बरंचसं वेगवेगळं असतं.

भाषेच्या मॉडेलची अवस्था याच्या बरोबर उलट आहे. त्याच्याकडे शब्द भरपूर आहेत. गूळ कसा करतात हे ते छान परिच्छेद पाडून सांगेल. शब्दांच्या मागचं काही त्याला गवसलं आहे का? काही प्रमाणात हो, असं माझं मत आहे. नुसती घोकंपट्टी असती तर त्याला कधीही न पाहिलेली गणितं सुटली नसती, आणि कोडिंगमधल्या चुका सापडल्या नसत्या. शब्दांच्या आपसातल्या नात्यांत जगाची बरीच रचना उतरलेली असते आणि ती ते उचलतं. पण आबांच्या हातामागे जे होतं, ते कुणी कधी लिहिलेलंच नाही. लिहिलेलं नाही ते लिहिलेल्यातून कसं शिकणार?

म्हणून ‘समजतं का’ याचं माझं उत्तर : समजेचा एक तुकडा त्याच्याकडे आहे, आणि तो नेमका तोच तुकडा आहे जो आबांनी गमावला होता.

मॉडेलचं ट्रेनिंग म्हणजे उत्क्रांती म्हणायची की बालपण?

धड एकही नाही, दोन्हींची सरमिसळ.

बालपणाशी ताडून बघा. तेरा वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या कानावर १० कोटींहून कमी शब्द पडतात, असा अंदाज आहे. २०२० मधल्या जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलला सुमारे ३०,००० कोटी शब्दतुकडे वाचायला दिले होते. तीन हजार पट. आमच्या आळीतलं तीन वर्षांचं पोर एवढ्याशा खुराकावर वाक्यं जोडतं, रुसतं, खोटंही बोलतं. कारण ते कोऱ्या पाटीनं जन्माला आलेलं नसतं. मागचा सगळा रस्ता त्याच्या बांधणीत असतो.

आणि तरी ती बांधणीही पूर्ण नसते. माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. मेंदूतल्या जोडण्या ढोबळमानाने १०० लाख कोटी. एवढ्या जोडण्यांचा आराखडा तेवढ्या अक्षरांत मावणं शक्यच नाही. उत्क्रांती नकाशा देत नाही, वाढण्याचे नियम देते. बाकीचं अंगणात, भांडणात, आईच्या बोलण्यात घडतं. जन्मताना आपला मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. आधी जोडण्या भरमसाट वाढतात, मग न वापरलेल्या छाटल्या जातात. उसाचा पाला काढतात तसं.

आणखी एक फरक आहे. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक चुकीनंतर कुठली जोडणी कुठल्या दिशेने हलवायची याचं गणित मांडता येतं. उत्क्रांतीकडे असं गणित नाही. बदल आपसूक होतात, टिकतात ते पुढे जातात. जुनं पाडून नवं बांधायची सोयही तिच्याकडे नाही. स्वरयंत्राकडे जाणारी एक चेता मेंदूतून निघून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते आणि परत गळ्यात येते. जिराफात हा वळसा काही मीटरांचा होतो. माशासारख्या पूर्वजांत तो रस्ता सरळ होता, मान लांबत गेली आणि रस्ता मोडता आला नाही. मॉडेल बनवणारे मात्र रचना पसंत नाही पडली तर सोमवारी ती टाकून मंगळवारी नवी घेऊ शकतात.

मेंदूत न्यूरॉन किती, एआयमध्ये पॅरामीटर किती? कोण मोठं?

आकडे हवेच असतील तर : जीपीटी-३मध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर होते, मेंदूत वर सांगितल्याप्रमाणे १०० लाख कोटी जोडण्या. पण ही तुलना करू नका. पॅरामीटर म्हणजे मॉडेलमधल्या जोडणीचा जोर सांगणारा नुसता एक आकडा. मेंदूतली जोडणी हे रसायनांचं एक जिवंत यंत्र आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यकातल्या एकाच चेतापेशीचं वागणं हुबेहूब वठवायला कृत्रिम न्यूरॉन्सचे पाच ते आठ थर लागले.

विजेचं काय? मेंदू किती युनिट जाळतो?

लाइट बिलाच्या भाषेत सांगते. मेंदू साधारण २० वॅटवर चालतो. ८० वर्षांच्या आयुष्यात झाले सुमारे १४,००० युनिट. जीपीटी-३च्या ट्रेनिंगला संशोधकांच्या अंदाजानुसार १,२८७ मेगावॅट-तास लागले, म्हणजे १२ लाख ८७ हजार युनिट. नव्वदेक माणसांच्या मेंदूंची आयुष्यभराची वीज.

न्यायाने बोलायचं तर दोन गोष्टी जोडायला हव्यात. एकदा शिकलेलं मॉडेल कोट्यवधी लोकांना वापरता येतं, माझा मेंदू फक्त मलाच. आणि मेंदूच्या २० वॅटमागे ६० कोटी वर्षांचा जो खर्च झाला, त्याचं बिल आपण धरलेलंच नाही.

मी काल बोललेलं ते आज कसं विसरतं?

ट्रेनिंग संपलं की मॉडेलच्या जोडण्या गोठतात. तुम्ही बोलता तेवढा मजकूर त्याच्या समोर असतो, पण त्याने ते बदलत नाही. काही ॲप तुमच्याबद्दलची टिपणं वेगळी साठवतात आणि पुढच्या वेळी मजकुरात घालतात. ती वहीतली नोंद झाली, आठवण नव्हे.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फेफऱ्यावर इलाज म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी टिपणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला. त्याचं जुनं ज्ञान, भाषा, बुद्धी सगळं राहिलं, पण नवीन प्रसंग लक्षात राहणं बंद झालं. रोज भेटणारा डॉक्टर त्याला रोज नवा. चॅटबॉटशी बोलताना मला अनेकदा त्याची आठवण होते.

मग मॉडेलला रोज नवीन का शिकवत नाहीत? कारण नवीन घालताना जुनं पुसलं जातं. १९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी हा दोष दाखवला. मेंदूने यावर उपाय काढलेला आहे. हिप्पोकॅम्पस दिवसभरातलं पटकन टिपतं आणि झोपेत ते थोडं थोडं बाह्यकाला पुन्हा ऐकवतं. त्यामुळे जुन्याला धक्का न लावता नवं मुरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

एआय खोटं का बोलतं?

खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. मॉडेल शोभेलसा मजकूर तयार करतं. एका चॅटबॉटला मी खासबाग मैदानाबद्दल विचारलं, तर मैदान शाहू महाराजांनी बांधलं हे बरोबर सांगून त्याने साल चुकवलं, आणि उद्घाटनाच्या कुस्तीचं वर्णनही रंगवून दिलं. १९१२ हे साल मला पाठ होतं म्हणून पकडलं.

माणसाचा मेंदूही पोकळ्या भरतो, हे मान्य करायला हवं. मेंदूचे दोन भाग शस्त्रक्रियेने वेगळे केलेल्या रुग्णांवर मायकेल गॅझॅनिगा यांनी प्रयोग केले. उजव्या भागाला दिलेली सूचना डाव्या भागाला कळलेली नसायची. तरी ‘असं का केलंत?’ विचारलं की डावा भाग तत्काळ पटेलसं कारण रचून सांगायचा, आणि रुग्णाचा त्यावर विश्वास असायचा. फरक असा, की आपण रचलेलं चुकलं तर गूळ बिघडतो, कुस्ती जाते, शेजारी तोंडावर सांगतो. जग आपल्याला सतत दुरुस्त करत असतं. मॉडेलला ती दुरुस्ती कुणीतरी मुद्दाम करून द्यावी लागते.

त्याचं मराठी पुस्तकी का वाटतं?

इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फारच थोडा, आणि त्यात बोली आणखी थोडी. शिवाय अनेक मॉडेलांत देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, म्हणजे तेवढंच बोलायला काम जास्त.

कोल्हापुरी बायका-पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मीही घरी तसंच बोलते. चॅटबॉटला तसं लिहिलं की तो मला पुरुष समजून उत्तर देतो, किंवा मुलगी आहे म्हणून सांगितलं तर ‘मी आले’ अशी दुरुस्ती सुचवतो. इथलं कुठलंही चार वर्षांचं पोर हे ऐकून चुकीचं म्हणणार नाही. ही चूक मला मनापासून लागते, कारण उद्या मुलं त्याच्याकडूनच भाषा शिकायला लागली तर आमचं बोलणं ‘अशुद्ध’ ठरवायला आणखी एक मास्तर वाढेल. उपाय एकच दिसतो : आपलं बोलणं आपणच लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवणं. गुळव्यांचं, चपला शिवणाऱ्यांचं, हुपरीच्या चांदी कारागिरांचं.

पोरांनी अभ्यासाला वापरावं का? मेंदू आळशी होईल?

मेंदू वापराप्रमाणे बदलतो. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी लंडनचे टॅक्सीचालक तपासले. हजारो गल्ल्या पाठ केलेल्या या लोकांत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्वतःला आठवून बघणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतो. आठवताना होणारा त्रास हाच व्यायाम. जोर-बैठका दुसऱ्याने काढून आपलं अंग भरत नाही.

माझ्या वर्गात नियम आहे : आधी वहीत स्वतःचं उत्तर, मोडकंतोडकं का होईना. मग चॅटबॉटला विचारा. मग दोन्हींत फरक कुठे आहे आणि कोण बरोबर हे पुस्तकातून शोधा. याने वेळ जास्त जातो, आणि जावाच. प्रश्न विचारायला लाजणाऱ्या मुलींना मात्र याचा मोठा आधार झालेला मी पाहिला आहे. घरात समजावणारं कुणी नाही, क्लास परवडत नाही, अशी मुलगी रात्री अकरा वाजता न घाबरता तोच प्रश्न पाच वेळा विचारू शकते. पालकांनी सरसकट बंदी घालण्याआधी याचा विचार करावा.

एआयमुळे माणसाच्या मेंदूची उत्क्रांती वेगळी होईल का?

इतक्यात नाही. उत्क्रांतीला पिढ्या लागतात, आणि एक पिढी म्हणजे पंचवीस-तीस वर्षं. बदलेल ती सवय. वाचनाचं उदाहरण घ्या. लेखन येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, त्यासाठी मेंदूत वेगळा भाग उत्क्रांत झालेला नाही. शिकताना प्रत्येक मूल चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा अक्षरांसाठी नव्याने वापरायला लागतं. मोठेपणी साक्षर झालेल्यांतही हा बदल दिसतो.

यंत्राला भूक लागत नाही, मग ते शिकतं कशासाठी?

हा प्रश्न पाचवीतल्या एका मुलीचा. इतक्या व्याख्यानांत कुणा मोठ्याने तो विचारला नव्हता.

मॉडेल शिकतं कारण चूक कमी करायचं उद्दिष्ट त्याला बाहेरून दिलेलं असतं. ते साधलं काय न साधलं काय, त्याचं काही बिघडत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. आपण म्हणतो ‘दरवाज्यांनी पाणी सोडलं’, पण सोडावंसं वाटलं असं नसतं. मॉडेल त्या दरवाज्यांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण ‘त्याला वाटलं’ असं म्हणण्यापूर्वी मी अजून थांबते.

मेंदूचं काम मुळात शरीर जिवंत ठेवणं. विचार त्या कामातून पुढे निघाले. मातीत राहणाऱ्या सी. एलिगन्स या मिलिमीटरभर सूत्रकृमीत फक्त ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. एवढ्याशा जिवाचं वागणंही अजून संगणकावर पूर्णपणे उभं करता आलेलं नाही. तो उपाशी असला की वेगळा वागतो. पोट भरलेलं असताना ज्या वासाकडे वळणार नाही, त्याकडे वळतो, जास्त धोका पत्करतो. त्या मुलीला मी हे सांगितलं आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बागेतल्या ओल्या मातीतले सूत्रकृमी दाखवले. ते सी. एलिगन्सच होते असं नाही, पण त्यांच्याच कुळातले. बेल झाली तरी ती उठली नाही.